एक अंग उणे झाल्यावर : राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे शरीर, बाईपणाची जाणीव आणि उपचारांत या दोहोंचे स्थान.

मराठीत मूल आईच्या अंगावर पिते. स्तन हा शब्द उच्चारायला लाजणाऱ्या या भाषेने त्याला सरळ 'अंग' म्हटले आणि लाजता लाजता एका अवयवाला सगळ्या देहाचे नाव देऊन ती मोकळी झाली. 'अंगावरचे दूध', 'अंगावर पाजणारी बाई' हे घरोघरचे बोलणे आहे. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत स्तन गेला की मराठी बाईचे नेमके काय जाते, याचे अर्धे उत्तर या बोलण्यातच सापडते.

रुग्णालयातली भाषा निराळी असते. तपासायला आलेली बाई 'गाठ आहे' एवढेच म्हणते आणि कुठे ते हाताने दाखवते. शस्त्रक्रियेनंतर ती 'छाती काढली' म्हणते. पुष्कळदा तेही नाही, नुसते 'माझं ऑपरेशन झालंय'. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर 'एमआरएम' अशी इंग्रजी आद्याक्षरे असतात. स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, छातीचा स्नायू ठेवला, असा त्यांचा अर्थ. या आद्याक्षरांच्या आणि 'अंग' या शब्दाच्या मधल्या जागेत बाईचे पुढचे सगळे आयुष्य पडलेले असते, आणि त्या जागेबद्दल बोलायला ना घरात शब्द असतात ना वॉर्डात वेळ.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा इथल्या रुग्ण सरासरी दहाएक वर्षांनी तरुण असतात. म्हणजे इथे स्तन गमावणारी बाई बरेचदा चाळिशी-पन्नाशीतली, नोकरी किंवा शेती करणारी, घरात शाळा-कॉलेजातली मुले असलेली असते. उपचार यशस्वी झाले तर त्या बदललेल्या शरीरासह तिला वीस-तीस वर्षे काढायची असतात. 'जीव वाचला ना, मग झालं' हे वाक्य तिच्या कानी वारंवार पडते. ते खोटे नाही. पण ते पहिल्या वर्षापुरते आहे.

स्तन सरसकट काढण्याच्या पद्धतीला जो इतिहास आहे, तो या वाक्याचाच इतिहास आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. ते स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथीही काढत. रोग गाठीपासून टप्प्याटप्प्याने बाहेर पसरतो, तेव्हा जितके खोल आणि रुंद कापावे तितके बरे, अशी त्यामागची समजूत होती. अशा शस्त्रक्रियेनंतर छातीवर त्वचेखाली फासळ्या मोजता येत, खांदा आत ओढला जाई आणि हात सुजे. १९४८ मध्ये लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी मोठा स्नायू वाचवणारी सुधारित पद्धत मांडली. आजच्या कार्डावरची आद्याक्षरे तिच्याच वंशातली. तरीही हॉल्स्टेडची पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत टिकली. बायका किती गमावतात याचा हिशेब कोणी मांडत नव्हते, कारण दुसऱ्या पारड्यात जीव होता.

तो हिशेब पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी यांनी मांडला. दोघांनी स्वतंत्रपणे, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने स्त्रियांचे गट केले. काहींचा पूर्ण स्तन काढला. काहींची फक्त गाठ किंवा गाठीभोवतीचा भाग काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले. दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष ऑक्टोबर २००२ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. गाठ लहान असेल तर दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. स्तन ठेवलेल्यांपैकी काहींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, पण आयुष्य त्याने घटले नाही. जवळजवळ शंभर वर्षे जी गोष्ट जिवाची किंमत म्हणून मागितली जात होती, ती अनेकींच्या बाबतीत मागायची गरजच नव्हती.

महाराष्ट्रातल्या बाईला या शोधाचा फायदा मिळतो का, हे गाठीच्या आकाराइतकेच तिच्या पत्त्यावर ठरते. स्तन ठेवायचा तर किरणोपचार लागतात. जुन्या पद्धतीत ते आठवड्याचे पाच दिवस असे पाच-सहा आठवडे चालत. आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत पुरे होतात, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीने निवडक रुग्णांत पाच मात्रा एका आठवड्यात देऊन तितकाच परिणाम साधता येतो हे दाखवले. यंत्रे मात्र मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत, किंवा बार्शीसारख्या एखाद्या अपवादात्मक गावी. भामरागडच्या किंवा धडगावच्या बाईने तीन आठवडे शहरात राहायचे म्हणजे कोणीतरी सोबतीला हवे, त्याची मजुरी बुडणार, राहायची सोय हवी. परळच्या टाटा रुग्णालयाजवळच्या फुटपाथांवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत ज्यांनी मुक्काम केला त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मग 'काढूनच टाका, एकदाचं सुटू' असे घरचे ठरवतात. केसपेपरवर त्याची नोंद 'रुग्णाची पसंती' अशी होऊ शकते. पसंती हा शब्द इथे फार मोठा आहे. यात डॉक्टरांच्या हातातले थोडे आणि खात्याच्या अखत्यारीतले बरेच आहे; पत्राचा पत्ता मंत्रालयाचा असण्याचे ते एक कारण. किरणोपचारांच्या काळात रुग्णासह एका नातेवाइकाची राहण्याची सोय झाली, तर राज्यात काही स्तन नुसत्या त्या सोयीने वाचतील.

दुसरे कारण संमतीचे. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत अशी रीत होती की बाई गाठीच्या तपासणीसाठी भूल घेई, ती बेशुद्ध असतानाच तुकडा तपासला जाई आणि कर्करोग निघाला तर लगेच स्तन काढला जाई. जाग आल्यावर पट्ट्यांखाली चाचपून तिला निकाल कळे. १९७४ मध्ये स्वतःच्या गाठीसाठी शल्यविशारद शोधताना रोझ कुशनर या पत्रकार बाईने आधी फक्त तपासणी करा असा हट्ट धरला, तेव्हा असे करायला तयार डॉक्टर मिळायला तिला बरेच दरवाजे ठोठावावे लागले. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने तपासणी आणि उपचार हे दोन वेगळे टप्पे असावेत अशी शिफारस केली. त्या मंडळात कुशनरही होत्या. भारतात यासंबंधी कायदा स्पष्ट आहे. १६ जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही, आणि सज्ञान बाई बेशुद्ध असताना तिच्या आईने दिलेला होकार तिचा होकार ठरत नाही. तो खटला गर्भाशयाचा होता. तत्त्व स्तनालाही लागू पडते. व्यवहारात मात्र चर्चा बाईच्या नवऱ्याशी, भावाशी किंवा मुलाशी होते आणि सही तेवढी तिची घेतली जाते. 'वय झालं, मुलं झाली, आता काय करायचंय' हा युक्तिवाद तिच्या उपस्थितीत, तिला न विचारता मांडला जातो. गंमत अशी की पन्नाशीच्या पुरुषाच्या कुठल्याही अवयवाबद्दल हे वाक्य सहसा ऐकू येत नाही. (स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो, शंभरातल्या साधारण एका रुग्णात, त्यांचाही स्तन काढला जातो.)

शस्त्रक्रियेनंतर शरीरात जे बदलते त्याची यादी बाईला आधी दिली तर निम्मी भीती कमी होईल. छातीवर काखेपर्यंत जाणारा आडवा किंवा तिरका व्रण राहतो. त्याच्या भोवती बधिरपणा असतो, आणि काखेतून जाणारी एक मज्जातंतूची शाखा दुखावली किंवा कापली गेली तर दंडाची आतली बाजूही बधिर होते. काहींना गेलेल्या स्तनाच्या जागी खाज, जडपणा किंवा कळ जाणवते. पाय कापलेल्या माणसाला पाय दुखल्यासारखा वाटतो त्याच जातीची ही जाणीव आहे, आणि ती बाईला वेड लागल्याचे लक्षण नाही. एका बाजूचे वजन गेल्याने, विशेषतः स्तन मोठे असतील तर, मान-खांदा दुखू शकतो. व्रणाच्या काखेकडच्या टोकाला कातडी-चरबीची एक घडी उरते. ती ब्लाऊजच्या बाहीत काचते. वरवर क्षुल्लक वाटणारी ही घडी दिवसभर टोचत राहते, आणि टाके घालतानाच काळजी घेतली तर ती टाळता येते.

यांतल्या सगळ्यांत खोल बदलाला मराठी समाजात वेगळाच अर्थ आहे, आणि तो स्तनाशी नाही, हाताशी आहे. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर लसिकाद्रव वाहून नेणारी वाट अरुंद होते. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या दर पाच स्त्रियांपैकी साधारण एकीला त्या बाजूच्या हाताला सूज येते. कधी सहा महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. त्या हाताला घट्ट दागिना नको, असे सांगितले जाते. म्हणजे बांगड्या उतरल्या. सुजलेल्या मनगटावरून बांगडी कापून काढायची वेळही येते. जिथे हिरव्या बांगड्या हे सौभाग्याचे चिन्ह आहे तिथे एक हात मोकळा दिसणे म्हणजे काय, हे डॉक्टरांच्या सूचनापत्रात लिहिलेले नसते. त्यातच केमोथेरपीने केस जातात. टक्कल पडलेली बाई आणि मोकळा हात, हे चित्र महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. केशवपन केलेल्या विधवांचे फोटो अजून अनेक घरांच्या आल्बममध्ये आहेत. नवरा शेजारी बसलेला असताना बाईचे रूप विधवेचे होते. हळदीकुंकवाला ती स्वतःच जात नाही. किंवा जाते आणि ओटी भरणारीचा हात क्षणभर अडखळतो. पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेली 'देहप्रतिमा' ही कल्पना या क्षणाला पुरी पडत नाही. तिथे बाई आरशात स्वतःला पाहते. इथे दुसऱ्या बाईच्या डोळ्यांत पाहते.

आरशाचाही प्रश्न आहेच. पट्टी सुटल्यानंतर व्रण प्रथम कोण पाहणार? मोठ्या घरात बाई न्हाणीघराचे दार लावून हवा तेवढा वेळ घेऊ शकते. एका खोलीच्या घरात मोरीवर पडदा असतो आणि पडद्यापलीकडे माणसे. अनेकजणी महिनोन्‌महिने अंधारात, खाली न पाहता, पाठमोऱ्या अंघोळ करतात. परिचारिकेने वॉर्डातच, पडद्याआड, बाईची तयारी असेल तर तिच्यासोबत व्रण पाहणे, हात लावून दाखवणे, याला ना यंत्र लागते ना औषध. वेळ लागतो, आणि ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे लागते.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल लिहिताना दोन टोके टाळावी लागतात. एकीकडे टाकून दिलेल्या बायकांच्या गोष्टी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. दुसरीकडे ज्यांचे पती रोज ड्रेसिंग बदलतात त्या बायकाही आहेत, आणि त्यांनाही रात्री ब्लाऊज काढवत नाही. स्पर्श टाळण्यामागे फक्त लाज नसते. संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्या आणि केमोथेरपीमुळे पाळी अकाली थांबते, योनी कोरडी पडते, संबंध दुखतो, इच्छाच मरते. यांतल्या बऱ्याच तक्रारींवर साधे उपाय आहेत, वंगण आणि मलम यांच्यापासून सुरू होणारे. पण बाई विचारत नाही आणि डॉक्टर विषय काढत नाहीत. अविवाहितेला तर हा प्रश्न असू शकतो हेच कोणी धरून चालत नाही.

ज्यांचा स्तन गेला त्यांच्यापुढे साधारण तीन वाटा असतात: बाहेरून वापरायचा कृत्रिम स्तन, शस्त्रक्रियेने केलेली पुनर्रचना, किंवा सपाट छाती तशीच ठेवणे. तिन्ही वाटांना वाद चिकटलेले आहेत.

कृत्रिम स्तनाचा प्रसार न्यू यॉर्कच्या टेरीस लॅसर यांच्या कामामुळे झाला. स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ मध्ये त्यांनी 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला. शस्त्रक्रियेतून गेलेली बाई नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या बाईला खाटेशी जाऊन भेटे, हाताचे व्यायाम दाखवे आणि तात्पुरता मऊ स्तन देई. 'जिचे पूर्वी झाले आहे तिने जिचे नुकतेच झाले आहे तिच्याशी बोलावे' ही त्यातली सुज्ञ गोष्ट. कृत्रिम स्तनाच्या या आग्रहावरची सर्वांत धारदार टीका कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० च्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात केली. लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या. त्यांना दिलेला लोकरीचा गोळा फिकट गुलाबी होता. काही दिवसांनी टाके काढायला त्या गोळा न लावता गेल्या, तेव्हा परिचारिकेने सुचवले की असे आल्याने दवाखान्यातल्या इतरांचे मनोधैर्य खचते. इस्रायलचे सेनानी मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी बांधून वावरत तेव्हा जगाने त्यांना योद्धा मानले. बाईची जखम मात्र झाकायची, असा लॉर्ड यांचा मुद्दा होता. बार्बी बाहुली निर्माण करणाऱ्या रूथ हँडलर यांचा अनुभव दुसऱ्या बाजूचा. १९७० मध्ये स्तन गमावल्यावर बाजारात बरा कृत्रिम स्तन मिळेना, म्हणून त्यांनी ते बनवण्याची कंपनीच काढली. अशक्य बांध्याची बाहुली आणि खऱ्या बाईच्या मापाचा स्तन, दोन्ही एकाच हातून आले.

लॉर्ड आणि हँडलर यांच्यात एकीची बाजू घ्यायचे कारण नाही. एकीला जे ओझे वाटते त्याने दुसरीला एसटीत, कचेरीत, लग्नकार्यात मोकळे वावरता येते. सरकारी रुग्णालयातल्या बाईपुढे मात्र हा वाद पोचतच नाही. सिलिकोनचा कृत्रिम स्तन काही हजार रुपयांना मिळतो. तो आठ-दहा आठवड्यांनी जखम पुरती भरल्यावर वापरायचा असतो आणि त्याच्यासाठी आतून खिसा असलेली ब्रेसिअर लागते. ते न परवडणाऱ्या बायका कापूस, जुना रुमाल, धान्य भरलेली पुरचुंडी वापरतात. कापूस हलका असल्याने वर सरकतो. हात वर केला की छाती खांद्याकडे जाते, आणि ते लोकांच्या लक्षात येईल या धास्तीने बाई हात वर करणेच सोडते. खांदा आखडण्याचे ते एक कारण असते. क्रोशाने विणलेले सुती स्तन फुकट वाटणाऱ्या स्वयंसेवी महिला आता भारतातही आहेत. ते धुता येतात, घामाला बरे असतात, आणि ताज्या जखमेवर सिलिकोनपेक्षा सोसतात.

पुनर्रचनेला 'सौंदर्यशस्त्रक्रिया' म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे. या सवयीला पुण्याजवळच उत्तर मिळते. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक कापले. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळावरची कातडी एका देठावर जिवंत ठेवून खाली वळवली आणि नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे चित्रासह वर्णन छापले आणि युरोपातले शल्यविशारद ही 'भारतीय पद्धत' शिकू लागले. नाकावाचून कावसजी श्वास घेत होता, जेवत होता. तरी नाक बसवणे ही चैन आहे असे कोणी म्हटले नाही, कारण नाक म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

स्तनाची पुनर्रचना पुष्कळदा याच तत्त्वावर होते. रक्तपुरवठा न तोडता पाठीचा रुंद स्नायू त्वचेसह काखेखालून पुढे आणतात. १९०६ मध्ये इटलीच्या तान्सिनी यांनी ही कल्पना मांडली. १९८२ पासून पोटाची त्वचा आणि चरबी तिथल्या स्नायूसह वर आणण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढे स्नायू जागीच ठेवून फक्त त्वचा, चरबी आणि रक्तवाहिन्या नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याची. या शेवटच्या पद्धतीला कसबी हात आणि कित्येक तासांचे शस्त्रक्रियागृह लागते. सिलिकोनच्या पिशवीचा मार्ग सोपा, पण निर्धोक नाही. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे ती प्रथम वापरली. १९९२ मध्ये अमेरिकेने तिच्या वापरावर मोठे निर्बंध घातले, २००६ मध्ये उठवले. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या एका प्रकारच्या पिशव्या दुर्मीळ लसिकाकर्करोगाशी संबंध आढळल्याने बाजारातून परत घेण्यात आल्या. किरणोपचार झालेल्या छातीत पिशवीभोवतीचे आवरण कडक होण्याचा धोका वाढतो. ती आयुष्यभर टिकेल असे धरता येत नाही. आणि कोणतीही पद्धत घेतली तरी नवा स्तन दिसतो. पण त्यात पूर्वीसारखे जाणवत नाही. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी सांगितली नाही तर उत्तम शस्त्रक्रियाही फसवणूक वाटते. चित्रपटकर्मी ताहिरा कश्यप यांनी २०१९ च्या जागतिक कर्करोगदिनी पाठीवरच्या लांब व्रणाचे छायाचित्र स्वतः प्रसिद्ध केले. तो पाहून अनेकांना प्रथमच कळले असेल की छातीच्या या आजाराची खूण पाठीवरही उमटते.

पैशाच्या बाबतीत नियम वाटतो तितका प्रतिकूल नाही. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्यविम्यातून काय वगळता येते याची प्रमाणित यादी केली. तीत रूप बदलणाऱ्या शस्त्रक्रिया वगळण्याची मुभा आहे. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या मुभेबाहेर ठेवली आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने आणखी पुढे जाऊन दुसरा स्तन जुळवून घेण्याची शस्त्रक्रिया आणि बाहेरून लावायचे कृत्रिम स्तन यांचाही समावेश केला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. पण दरयादीत एखादी बाब असणे आणि ती आहे हे खाटेवरच्या बाईला ठाऊक असणे यात फार अंतर पडते. प्रत्येक संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेला मंजुरी घेतानाच पुनर्रचना, कृत्रिम स्तन, सुजेसाठी दाबपट्टी आणि भौतिकोपचार यांपैकी काय मिळू शकते हे त्याने मराठीत, लेखी, बाईच्याच हातात द्यावे. नवऱ्याच्या नव्हे.

तिसऱ्या वाटेला आता वैद्यकातही नाव मिळाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० मध्ये आपल्या शब्दकोशात सपाट छाती नीटनेटकी, घड्या न ठेवता शिवण्याच्या पद्धतीची व्याख्या घातली. ही मागणी पुनर्रचना नको असलेल्या स्त्रियांनी लावून धरली होती. 'पुढे मन बदलेल' म्हणून त्यांच्या इच्छेविरुद्ध जादा कातडी ठेवली जाते, अशी त्यांची तक्रार होती. सपाट छातीचे चित्र मोठ्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले ते १५ ऑगस्ट १९९३ रोजी. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या पुरवणीवर माटुश्का या छायाचित्रकार बाईने एका बाजूने उघड्या पांढऱ्या पोशाखात स्वतःचा व्रण दाखवला. आपल्याकडे याहून जुना दाखला तमिळ महाकाव्यात आहे. 'शिलप्पदिकारम्'मधली कण्णगी नवऱ्याच्या अन्याय्य वधानंतर स्वतःचा डावा स्तन उपटून मदुरेवर फेकते आणि नगर पेटते. पुढे तिची देवी म्हणून पूजा होते, पत्तिनी म्हणजे पतिव्रता या नावाने. एक स्तन नसलेली बाई पतिव्रतेचा आदर्श होऊ शकते, हे दक्षिणेला मान्य झाले होते. पान्हा, पदर, ओटी या शब्दांभोवती बाईपण विणलेल्या मराठी परंपरेत असा दाखला सहज सापडत नाही.

दुःख मोजता येत नाही असे म्हणून हा विषय सोडून देण्याचे कारण नाही. पेनेलोपी हॉपवुड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दहा प्रश्नांची देहप्रतिमा मापनपट्टी तयार केली. आपल्या रूपाचा संकोच वाटतो का, बाईपण कमी झाल्यासारखे वाटते का, कपड्यांशिवाय स्वतःकडे पाहणे अवघड जाते का, लोकांना टाळावेसे वाटते का, अशा प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. भरायला पाच मिनिटे पुरतात. तीत बांगड्यांचा आणि हळदीकुंकवाचा प्रश्न नाही; मराठी पट्टीत तो घालावा लागेल. पाठपुराव्याच्या भेटीत वजन आणि रक्तदाब लिहितात तसा हा आकडा लिहिला, तर कोणत्या बाईला समुपदेशनाची गरज आहे हे तिने रडण्याआधी कळेल. तरुण बायकांचा आकडा जास्त येतो असे अभ्यास सांगतात, पण सत्तरीतल्या बाईला तो विचारायचाच नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

उरतो कपड्यांचा प्रश्न, जो सगळ्यांत स्वस्त आहे आणि म्हणून बहुधा कोणाच्याच यादीत नाही. शस्त्रक्रियेनंतर जुने ब्लाऊज बसत नाहीत. कटोरी ब्लाऊज तर मुळातच दोन वाट्यांच्या मापावर बेतलेले. एका बाजूची वाटी रिकामी लोंबते. टेलरकडे माप द्यायला जायचे धैर्य होत नाही. यावर तोड साधी आहे: ब्लाऊज सरळ कटाचे, पुढून हुक असलेले, गळा काखेच्या बाजूला थोडा चढता, बाही सैल, कारण हात सुजू शकतो. ब्रेसिअर नेहमीचीच, सुती. वाटीच्या आतून त्याच कापडाचा एक थर लावायचा, तीन बाजू शिवायच्या आणि काखेकडची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे विणलेला किंवा सिलिकोनचा स्तन आत सरकवता येतो आणि धुताना काढता येतो. पट्टा रुंद हवा, नाहीतर वजनाने खांद्यात रुततो. गावोगावच्या महिला बचत गटांत शिलाई यंत्रे आहेत. खात्याने एक नमुना आणि मापांचा तक्ता छापून त्यांच्याकडे दिला, आणि शिवलेल्या जोड्या जिल्हा रुग्णालयातून घरी सोडतानाच्या औषधांबरोबर मिळण्याची व्यवस्था केली, तर एका जोडीचा खर्च कापडाइतका आणि तासाभराच्या मजुरीइतका येईल.

कळावे.